घरच्या घरी इनक्युबेटरमध्ये पिल्ले कशी काढायची? (२१ दिवसांचा एक जिवंत पाठ)



"बाई, अंड्यात पिल्लू नेमकं कुठं असतं? आपण खातो त्या अंड्यात का नसतं?"

तिसरी-चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यास शिकवत असाल तर हा प्रश्न तुम्हालाही कधी ना कधी आलाच असेल. मी पहिल्यांदा फळ्यावर अंड्याची आकृती काढली, कवच, पांढरा बलक, पिवळा बलक अशी नावं दिली आणि पाठ संपवला. मुलांनी आकृती वहीत काढून घेतली. पण प्रश्न काही संपला नाही. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पुन्हा, "पण बाई, पिल्लू?"

मग ठरवलं, की हा पाठ फळ्यावर नाही, प्रत्यक्ष करूनच शिकवायचा. शाळेत रात्री लक्ष द्यायला कोणी नसतं, म्हणून इनक्युबेटर माझ्या घरी ठेवला आणि मुलं मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर येऊन बघायची. आतापर्यंत दोन खेपा झाल्या. पहिली पूर्ण फसली. दुसरी जमली. आज दोन्हींचा अनुभव आणि त्यामागचं शास्त्र तुमच्यासमोर सविस्तर मांडते आहे. तुम्ही हा प्रयोग करणार असाल, तर माझ्या चुका तुम्हाला पुन्हा कराव्या लागू नयेत, एवढीच इच्छा. चला तर मग, सुरुवात करूया.

इनक्युबेटर म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर इनक्युबेटर म्हणजे यंत्रातली खुडूक कोंबडी. मराठीत आपण त्याला अंडी उबवण यंत्र म्हणतो.

खुडूक कोंबडी काय काय करते ते आधी बघा. ती अंग फुगवून अंड्यांवर बसते. तिच्या पोटाखालची पिसं झडलेली असतात, त्यामुळे उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते. अधूनमधून ती चोचीनं अंडी फिरवते. दिवसातून एकदा थोडा वेळ खाण्यापिण्यासाठी उठते, तेव्हा अंड्यांना मोकळी हवा लागते. म्हणजे ऊब, ओलावा, फिरवणं आणि हवा ही चार कामं झाली. यंत्रालाही हीच चार कामं करायची असतात. त्यातलं एक जरी बिघडलं, तरी पिल्लू निघत नाही.

आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर टोपलीत भाताचा पेंढा घालून कोंबडी बसवली. विजा कडाडल्या तर अंडी वाया जातात, अशा समजुतीने त्या टोपलीत कोळशाचा तुकडा ठेवायच्या. मी थर्मामीटर आणला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अगं, कोंबडीला कोण थर्मामीटर देतं?" खरं आहे. कोंबडीला ते उपजतच कळतं. आपल्याला कळत नाही, म्हणून आपल्याला मोजावं लागतं.

माणसाने ही युक्ती फार पूर्वीच शोधली आहे. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वीपासून मातीच्या विटांच्या भट्ट्यांमध्ये मंद आचेवर अंडी उबवली जात. ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटलने उबवणीतली अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून आतल्या पिल्लाची वाढ कशी होते हे लिहून ठेवलं. पुढे १७४९ साली फ्रान्समधल्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला. आपण आपल्या घरात करतोय ते काम इतकं जुनं आहे, हे मुलांना जरूर सांगा.

पायरी १ : अंडी कोणती घ्यायची?

दुकानातली पांढरी अंडी चालत नाहीत. त्या फार्मवर फक्त कोंबड्या असतात, कोंबडा नसतो. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडं देते, पण त्या अंड्यात पिल्लू तयार होत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं!

आपल्याला फलित अंडी हवीत, म्हणजे ज्या कळपात कोंबडा आहे त्या कळपातली. साधारण आठ-दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा पुरेसा होतो. गावात कोणाकडे गावठी कोंबड्या असतील तर उत्तमच. नाहीतर पशुसंवर्धन विभागाची पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, तिथेही चौकशी करता येते.

अंडी निवडताना हे लक्षात ठेवा :

१) अंडं ७ दिवसांपेक्षा जुनं नसावं. जितके दिवस जास्त, तितकी पिल्लू निघण्याची शक्यता कमी.
२) फार मोठं, फार लहान, वेडंवाकडं किंवा तडा गेलेलं अंडं नको.
३) अंडी धुवायची नाहीत. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो जंतूंना अडवतो. धुतल्यावर तो निघून जातो. फार घाण असलेलं अंडं सरळ बाजूला ठेवा.
४) साठवताना निमुळतं टोक खाली ठेवा. जागा थंड हवी, १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास. फ्रीजमध्ये मात्र नको, तिथली थंडी जास्त होते. घरातला सर्वांत गार कोपरा निवडा आणि अंडी लवकर यंत्रात ठेवा.
५) गार जागेतली अंडी एकदम गरम यंत्रात ठेवू नका. कवचावर पाणी सुटतं आणि त्यातून जंतू आत शिरतात. आधी काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. प्रवासातून आणलेली अंडी एक दिवस स्थिर ठेवा.

पायरी २ : यंत्र कोणतं?

बाजारात लहान तयार इनक्युबेटर मिळतात. काहींमध्ये अंडी आपोआप फिरतात. घरीही बनवता येतो. त्यासाठी थर्मोकोलचा जाड खोका, उष्णता देणारा साधा पिवळा बल्ब (एलईडी चालणार नाही, तो पुरेशी ऊब देत नाही), तापमान ठरवलेल्या आकड्यावर बल्ब चालू-बंद करणारा डिजिटल थर्मोस्टॅट, हवा फिरवायला छोटा पंखा, पाण्याची पसरट वाटी आणि हवेसाठी खोक्याला चार-पाच भोकं एवढं लागतं. पण वायरिंग माहीतगार वायरमनकडूनच करून घ्या. बल्ब थर्मोकोलला किंवा कापडाला टेकता कामा नये. आग लागायला वेळ लागत नाही. मुलांना हे बनवायला एकट्याने बसवू नका.

यंत्र अशा खोलीत ठेवा जिथे ऊन येत नाही आणि वाऱ्याचा झोत लागत नाही. आणखी एक. हे यंत्र गरम करू शकतं, गार करू शकत नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीला टेकत असेल, तर त्या दिवसांत हा प्रयोग करू नका.

पायरी ३ : तापमान (इथेच मी चुकले)

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस हवं. फॅरनहाइटमध्ये साधारण ९९.५ ते १००. पंखा नसलेल्या यंत्रात वर गरम आणि खाली गार हवा असते, म्हणून अंड्यांच्या वरच्या पातळीला मोजून ३८.३ ते ३८.८ ठेवतात.

आता माझी पहिली खेप ऐका. १२ अंडी ठेवली. यंत्राच्या काचेवर ३७.५ दिसत होतं, मी निर्धास्त. मुलांनी वर्गातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारली. एकविसावी फुली पडली, काहीच नाही. बावीसाव्या दिवशी एका अंड्याला बारीक टवका दिसला. वर्गात जल्लोष! मुलं गटागटानं घरी येत होती आणि मी प्रत्येक गटाला दाखवायला झाकण उघडत होते. संध्याकाळपर्यंत पिल्लू तेवढ्याच भोकाशी अडकलं. सकाळी ते गेलेलं होतं. बाकीची अंडी उघडलीच नाहीत.

नंतर ताप मोजायचा थर्मामीटर आत ठेवला, तेव्हा कळलं की आतलं खरं तापमान एका अंशापेक्षाही जास्त कमी होतं. यंत्राचा आकडा चुकत होता आणि मी तो तपासलाच नव्हता. तापमान कमी असेल तर पिल्लं उशिरा आणि अशक्त होतात. जास्त असेल तर लवकर आणि तीही अशक्त निघतात. ते फार वर गेलं, तर आतला जीव मरू शकतो. थोड्या वेळची थंडी एकवेळ सोसते, उष्णता नाही.

म्हणून अंडी ठेवण्याआधी हे कराच :

- ताप मोजायचा थर्मामीटर यंत्रात अंड्यांच्या पातळीला ठेवा. आपल्याला ३७.५ च मोजायचं आहे, त्यामुळे हे घरगुती साधन इथे अगदी उपयोगी पडतं. पाऱ्याचा असेल तर तो सर्वांत जास्त आकडा धरून ठेवतो, हे लक्षात घ्या. प्रत्येक वेळी झटकून पुन्हा ठेवा.
- रिकामं यंत्र किमान एक दिवस चालवून बघा. सकाळ, दुपार, रात्र नोंद घ्या. आकडा स्थिर झाल्याशिवाय अंडी ठेवू नका.

पायरी ४ : ओलावा

कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यातून हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर येते. पाणी कमी होतं तसतशी अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. पिल्लू पहिला श्वास याच पोकळीत घेतं. ओलावा फार जास्त असेल तर पोकळी लहान राहते आणि पिल्लाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. फार कमी असेल तर आतलं पटल वाळून पिल्लाला चिकटतं.

पहिले १८ दिवस हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के. पाण्याची वाटी पसरट केली की ओलावा वाढतो, कारण बाष्पीभवन पाण्याच्या खोलीवर नाही, पृष्ठभागावर अवलंबून असतं. पावसाळ्यात कोकणात वाटी कदाचित लागणारही नाही. उन्हाळ्यात आतल्या भागात दोन वाट्याही कमी पडतात.

आर्द्रता मोजायचं यंत्र खरं सांगतं की नाही हे तपासायला एक छान प्रयोग आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ओलसर चिखल करा (मीठ विरघळून जाता कामा नये). ते झाकण आणि आर्द्रतामापक एका हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ च्या जवळ आला पाहिजे. ७० दाखवलं तर आपलं यंत्र ५ ने कमी दाखवतं, एवढं लक्षात ठेवून चालायचं. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

पायरी ५ : अंडी फिरवणे

अंडं एकाच बाजूला पडून राहिलं तर आतला कोवळा गर्भ पटलाला चिकटतो. म्हणून दिवसातून ३ किंवा ५ वेळा अंडी फिरवावीत. विषम संख्या का? कारण रात्र मोठी असते. विषम वेळा फिरवलं की आज रात्री जी बाजू वर होती, ती उद्या रात्री खाली जाते.

पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. स्केचपेन नको, शाई छिद्रांतून आत जाते. हात स्वच्छ धुवून, हलक्या हाताने फिरवा. निमुळतं टोक कधीही वर ठेवू नका. अठराव्या दिवसापासून मात्र फिरवणं बंद. आता पिल्लू बाहेर यायच्या स्थितीत वळत असतं.

आत काय चाललंय? दिवसांप्रमाणे बघूया

- दुसरा दिवस संपत येतो तेव्हा इवलंसं हृदय धडधडायला लागतं. विचार करा, अजून पिल्लू म्हणावं असं काहीच दिसत नसतं, आणि हृदय चालू!
- चौथ्या-पाचव्या दिवशी डोळ्याचा काळा ठिपका दिसू लागतो.
- सातव्या दिवशी रक्तवाहिन्यांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं रूप स्पष्ट दिसतं.
- चौदाव्या दिवसापर्यंत अंगावर लव आलेली असते आणि पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडे डोकं वळवू लागतं.
- एकोणीस-विसाव्या दिवशी उरलेला पिवळा बलक पोटात ओढला जातो. पिल्लू हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास घेतं. कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते.
- एकविसाव्या दिवशी चोचीच्या टोकावरच्या टणक उंचवट्याने ते कवच फोडतं. हा उंचवटा काही दिवसांत गळून पडतो.

अंडी उजेडावर बघणे

अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरा आणि अंड्याचं रुंद टोक नळीवर टेकवा. सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी बघणं पुरे. एका अंड्याला अर्धा मिनिट.

सातव्या दिवशी तीन प्रकार दिसतात. जाळं आणि हलणारा ठिपका दिसला तर जीव आहे. काहीच न दिसता अंडं स्वच्छ पिवळसर दिसलं तर ते फलित नव्हतं, किंवा वाढ सुरूच झाली नाही. लाल कडं दिसलं तर वाढ सुरू होऊन थांबली. शेवटचे दोन प्रकार बाहेर काढा, नाहीतर अंडं सडून फुटतं आणि वास सगळ्या यंत्रात पसरतो.

दुसऱ्या खेपेला आमच्या १२ पैकी २ अंडी स्वच्छ होती आणि एकात लाल कडं होतं. उरली ९. जाळं पहिल्यांदा बघितलं तेव्हा खोलीत पंधरा मुलं होती आणि एकही आवाज नव्हता. शिक्षकाला याहून जास्त काय हवं?

वीज गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न येतोच. सोळाव्या दिवशी आमच्याकडे रात्री जवळजवळ पाच तास वीज नव्हती. मी घाबरले. सासूबाई म्हणाल्या, "कोंबडी पण उठतेच की चरायला!" मग असं केलं :

१) झाकण उघडलं नाही.
२) यंत्रावर जाड गोधडी टाकली, पण हवेची भोकं मोकळी ठेवली. शेवटच्या आठवड्यात पिल्लं मोठी असतात, ती स्वतःही उष्णता देतात आणि त्यांना हवा जास्त लागते.
३) गरम पाण्याच्या बाटल्या गोधडीच्या आत, यंत्राच्या बाहेरून टेकवून ठेवल्या. दर तासाला पाणी बदललं.

वीज आल्यावर तापमान हळूहळू जागेवर आलं. सकाळी उजेडावर बघितलं, नऊच्या नऊ हलत होती. जमल्यास छोटा इन्व्हर्टर ठेवा, पण नसला तरी धीर सोडू नका.

शेवटचे तीन दिवस : हात आवरा!

अठराव्या दिवशी अंडी आडवी ठेवा, फिरवणं बंद करा, पाणी वाढवा आणि झाकण बंद. यानंतर उघडायचं नाही. झाकण उघडलं की ओलावा एका क्षणात निघून जातो, पटल वाळून पिल्लाभोवती आवळलं जातं. आमचं पहिलं पिल्लू बहुधा असंच अडकलं होतं.

पहिला टवका पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. मध्ये पिल्लू तासन् तास थांबतं. आपल्याला वाटतं, अडकलं, मदत करूया. करू नका. त्या वेळेत पटलातलं रक्त पिल्लाच्या शरीरात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात जात असतो. घाईने कवच सोललं तर रक्त येतं.

दुसऱ्या खेपेला मुलांनी स्वतः पाटी लिहून यंत्रावर चिकटवली, "हात लावू नये. पिल्लू काम करत आहे." पहिल्या खेपेचा धडा ती विसरली नव्हती. यावेळी ती काचेतूनच बघत होती. एकविसाव्या दिवशी पहाटे पहिलं पिल्लू आलं आणि रात्रीपर्यंत आठ झाली. नववं आतच राहिलं.

पिल्लं सुकून फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्या. भूक लागेल याची काळजी नको. पोटात गेलेल्या बलकावर ती दोन दिवस सहज राहतात.

पिल्लं निघाल्यावर

- ऊब : खोक्यात बल्ब लावून पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच खरं सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते, कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर गरम होतंय, सगळीकडे पसरून फिरत असतील तर बरोबर आहे.
- अंथरूण : नुसता गुळगुळीत कागद नको, पाय फाकून पिल्लू पांगळं होतं. पहिले काही दिवस खडबडीत कापड, नंतर भाताचं तूस. बल्ब घट्ट टांगलेला हवा, तूस पेट घेऊ शकतं.
- पाणी : उथळ ताटलीत, त्यात स्वच्छ खडे टाकून. खोल भांड्यात पिल्लू बुडतं. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा हलकेच पाण्यात बुडवा, म्हणजे त्याला पाणी कळतं.
- खाद्य : पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा, मग पिल्लांसाठीचं चिक स्टार्टर खाद्य.
- लस : मानमोडी रोगाची पहिली लस साधारण ५ ते ७ दिवसांच्या दरम्यान देतात. पुढचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या.
- स्वच्छता : पिल्लांना हाताळल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे. पिल्लू तोंडाजवळ न्यायचं नाही, कितीही गोड वाटलं तरी.
- राखण : मांजर, उंदीर, मुंगूस यांच्यापासून जाळी लावून संरक्षण करा.

वर्गात याचा उपयोग कसा करायचा?

गणित : आमच्या १२ अंड्यांतून ८ पिल्लं, म्हणजे दोन तृतीयांश. पण फलित अंडी १० होती, मग १० पैकी ८, म्हणजे ८० टक्के. दोन्ही उत्तरं बरोबर, कशाशी तुलना करतो हे महत्त्वाचं. वजनाचाही हिशोब करा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्के कमी व्हायला हवं. ५० ग्रॅमचं अंडं ४४ ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मुलं हे सहज मोजतात.

भाषा : रोज दोन ओळींची नोंदवही. "आज काय दिसलं?" एवढाच प्रश्न द्या. एरवी निबंधाला पाच ओळी न लिहिणारी मुलंही इथे पान भरतात.

परिसर अभ्यास : अंडं, गर्भाची वाढ, श्वसन, बाष्पीभवन हे सगळं एकाच खोक्यात.

सुरू करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा

पिल्लं मोठी झाल्यावर कुठे जाणार? साधारण निम्मे कोंबडे निघतात. कोंबडा पहाटे आरवतो, फ्लॅटमध्ये ते जमत नाही. खेळणं म्हणून पिल्लं काढायची आणि महिन्याभराने कुठेतरी सोडून द्यायची, हे मला पटत नाही. ज्यांच्या घरी खुराडं आहे अशा चार पालकांशी मी आधीच बोलले होते, मगच अंडी आणली. हे शक्य नसेल तर एखाद्या शेतकऱ्याकडे खुडूक कोंबडी बसलेली दाखवायला मुलांना न्या. तोही तितकाच चांगला पाठ आहे.

आणि हो, मुलांशी खरं बोला. आठ पिल्लं चिवचिवत होती, तेव्हा तो पहिला प्रश्न विचारणारा मुलगा नवव्या अंड्याकडे बघत उभा होता. "बाई, याच्यात पण पिल्लू होतं ना?" मी 'नव्हतं' म्हणू शकले असते. "होतं," मी सांगितलं, "पण त्याला बाहेर येता आलं नाही. आणि त्याचं कारण मला सांगता येत नाही." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आम्ही ते अंडं परसातल्या शेवग्याखाली पुरलं. त्या दिवशीच्या त्याच्या वहीत दोनच ओळी होत्या, "आज आठ पिल्ले आली. एक आले नाही, त्याला आम्ही विसरणार नाही."

आकृती काढून मी हा पाठ पूर्ण केला असता, तर या दोन ओळी कधीच लिहिल्या गेल्या नसत्या.

तुम्हीही हा प्रयोग करा, पण पूर्ण तयारीनं करा. थर्मामीटर तपासा, २१ दिवस घर सोडू नका, आणि शेवटचे तीन दिवस झाकणाला हात लावू नका.